बहिणबंदकी: ‘डाउनटन ॲबी’च्या मेरी-ईडिथबद्दल वाचकांचे प्रश्न

‘डाउनटन ॲबी’मधल्या थोरल्या आणि मधल्या बहिणीबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात: २०१० ते २०१५ या काळात ब्रिटनच्या आयटीव्हीवर आलेली ही मालिका यॉर्कशरमधल्या एका काल्पनिक वाड्यात घडते. कथेचा काळ १९१२ ते १९२५. घराचा मालक रॉबर्ट क्रॉली, म्हणजे ग्रँथमचा अर्ल, किताबधारी उमराव. बायको कोरा अमेरिकन, आई व्हायोलेट फटकळ. मुली तीन, मेरी, ईडिथ आणि सिबिल. मुलगा नाही. उत्तरांत कथा शेवटापर्यंत उघड केली आहे, त्यामुळे आधी मालिका पाहायची असेल तर हे पान तूर्तास बाजूला ठेवा.

मेरी थोरली आहे, हुशार आहे, घरावर तिचा जीव आहे. तरी घर मँचेस्टरच्या कुठल्याशा वकिलाला का जातं? अर्लसाहेबांनी सरळ दत्तक का घेतलं नाही? (पुणे)

किताब, इस्टेट आणि कोराचा माहेरचा पैसा या तीन गोष्टी आधी वेगळ्या करा. किताब राजाच्या सनदेने मिळालेला असतो आणि तो पुरुष वंशजाकडेच जातो. इस्टेटीवर ‘एन्टेल’ आहे, म्हणजे ती ठरलेल्या वारसाकडेच जायची. आपल्याकडचं वतन जसं खायचं असतं, विकायचं नसतं, तसं. इंग्लंडच्या मोठ्या घराण्यांत ही गाठ पिढीगणिक नव्याने मारली जायची. मुलगा २१ वर्षांचा झाला की बाप त्याला सालाना तनखा बांधून देई आणि बदल्यात दोघांच्या सहीने नवा दस्त होई. त्या दस्ताने मुलगाही बापासारखाच हयातीपुरत्या उपभोगाचा धनी होऊन बसे. पूर्ण मालक कोणत्याच पिढीत कुणी नसतो. रॉबर्टला घर मेरीला द्यावंसं वाटलं तरी द्यायला ते त्याचं नाहीच.

तिसरी गाठ सर्वांत जाचक. कोराचा बाप सिनसिनाटीचा धनाढ्य व्यापारी. तिच्या लग्नात जुन्या अर्लने तो सगळा पैसा कागदोपत्री इस्टेटीत विलीन करून घेतला. त्यामुळे आईचा पैसाही मुलींना न मिळता इस्टेटीबरोबर वारसाकडे जातो. हे बंधन मोडता येईल का, असं व्हायोलेट गुपचूप मॅथ्यूलाच, म्हणजे त्या मँचेस्टरच्या वकिलालाच विचारते. ज्याचा फायदा होणार तोच वकील, आणि तो प्रामाणिकपणे सांगतो की मोडत नाही. पहिल्या सीझनमधला हा सर्वांत चतुर प्रसंग आहे.

दत्तकाबद्दल. इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदाच १९२६ साली आला. त्याआधी दत्तक ही खासगी सोय होती, तिला कायद्याचं पाठबळ नव्हतं. किताब तर दत्तक मुलाकडे आजही जात नाही. सातारा (१८४८) आणि झाशी (१८५४) दत्तक नामंजूर करून खालसा करणारे लोक कोणत्या घरांतून आले होते, ते या मालिकेमुळे नीट कळतं.

बहिणींच्या भांडणाचं मूळ इथेच आहे. घर टिकवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे वारसाशी लग्न. वारस एक आणि मुली तीन. मेरी आधी पॅट्रिकची, म्हणजे मॅथ्यूच्या आधीच्या वारसाची, वाग्दत्त होती. १५ एप्रिल १९१२ ला टायटॅनिक बुडाली, पॅट्रिक आणि त्याचा बाप दोघेही गेले, तेव्हा मेरीची चिंता काळे कपडे किती दिवस घालायचे ही होती. रडली ईडिथ, कारण पॅट्रिकवर खरं प्रेम तिचं होतं. पहिल्याच भागात हे दाखवून झालेलं आहे, आणि पुढचे ५१ भाग त्याच्यावर उभे आहेत.

भांडण सुरू कोणी केलं? आमच्या घरात यावर दोन तट पडले आहेत. (सांगली)

दोन्ही तट बरोबर आहेत. पटकथेत घाव अशा क्रमाने लावले आहेत की प्रत्येक बाजूला आधीच्या घावाचा दाखला देता येतो. क्रम पाहा.

मॅथ्यू येतो. मेरी त्याला झिडकारते, म्हणून ईडिथ त्याला गावोगावची चर्चं दाखवायला घेऊन जाते. त्याचं लक्ष मेरीकडेच. मग सर अँथनी स्ट्रॅलन हा वयाने मोठा, सभ्य आणि थोडा कंटाळवाणा विधुर येतो. ईडिथला तो आवडतो. पहिल्या सीझनच्या पाचव्या भागातल्या जेवणात मेरी निव्वळ जिंकण्याच्या मजेखातर त्याला शेतीच्या यंत्रांबद्दल बोलतं करते आणि ईडिथच्या हातून काढून घेते. मेरीला स्ट्रॅलन नकोच होता, आणि ईडिथला झोंबतं ते हेच.

त्याच भागात ईडिथ उट्टं काढते. दोन भागांपूर्वी पामुक नावाचा तुर्की मुत्सद्दी रात्री मेरीच्या खोलीत शिरलेला असतो आणि तिच्याच पलंगावर मरतो. मेरी, आई आणि मोलकरीण ॲना मिळून त्याचं प्रेत त्याच्या खोलीत नेऊन ठेवतात. स्वयंपाकघरातली पोरगी डेझी ते पाहते. ईडिथ तिला गोड बोलून सगळं काढून घेते आणि थेट तुर्की राजदूताला पत्र लिहिते. ती नुसती चहाडी राहत नाही, कागदावर उतरलेला पुरावा होतो. लंडनच्या बैठकींतून कुजबुज पसरते आणि मेरीच्या लग्नाचा बाजार बसतो.

ऑगस्ट १९१४ च्या बागेतल्या मेजवानीत स्ट्रॅलन ईडिथला मागणी घालायला आलेला असतो. पत्र कुणी लिहिलं हे तोवर मेरीला कळलेलं आहे. ती हसत हसत त्याला सांगते की ईडिथ एका कंटाळवाण्या म्हाताऱ्याची गंमत सांगत होती, तो म्हणे तिला मागणी घालणार आहे आणि तिला त्याला टाळायचंय. स्ट्रॅलन निघून जातो. काही मिनिटांतच जर्मनीशी युद्ध जाहीर होतं.

आता तोलून पाहा. ईडिथचा घाव मोठा, पण तो लपून केलेला आहे. मेरीचा घाव लहान, पण समोरासमोर आणि नेमका. ईडिथने मेरीची अब्रू घेतली, तर मेरीने ईडिथची बहुधा एकुलती एक संधी. आमचं मत विचाराल तर पत्र हा अक्षम्य गुन्हा, आणि बागेतलं वाक्य जास्त क्रूर. सांगलीच्या दोन्ही तटांनी यावर एक रविवार सहज काढावा.

धाकटी सिबिल असताना या दोघी निदान माणसांत होत्या. ती गेल्यावर शोकाने जवळ का येत नाहीत? (अमरावती)

सिबिल तिसऱ्या सीझनच्या पाचव्या भागात बाळंतपणात, झटक्यांच्या विकाराने जाते. तिच्या पलंगाशी ईडिथ विचारते की आता तरी आपलं थोडं बरं जमेल का. मेरीला तसं वाटत नाही, आणि ती ते सांगूनही टाकते. पण तिघी एकत्र असण्याची ही शेवटची वेळ आहे, तेव्हा आत्तापुरतं प्रेम करू या, एवढं ती म्हणते. समेट न करणारी अशी बहीण आपल्याकडच्या मालिकेत चालली नसती, दोघींना गळ्यात गळे घालून रडवलं असतं. मेरी खोटं सांत्वन करत नाही, हा तिचा एकमेव गुण इथे कामी येतो.

मेरीला ‘लेडी मेरी’ म्हणतात आणि आईला ‘लेडी ग्रँथम’. मग शेवटी ईडिथ सगळ्यांच्या वर कशी जाते? (ठाणे)

अर्लच्या मुलीच्या स्वतःच्या नावाआधी ‘लेडी’ लागतं आणि किताब नसलेल्याशी लग्न केलं तरी ते टिकतं. म्हणून मेरी मॅथ्यूशी लग्नानंतर लेडी मेरी क्रॉली आणि हेन्री टॅलबटशी लग्नानंतर लेडी मेरी टॅलबट. बायकोला नवऱ्याच्या किताबामुळे ‘लेडी’ मिळतं तेव्हा ते किताबाच्या नावाआधी येतं, जसं लेडी ग्रँथम. ‘लेडी ग्रँथम मेरी’ असं काही नसतं. भाषांतर करणाऱ्यांनी एवढं सांभाळावं.

मानाची उतरंड अशी: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. बर्टी पेलम हा साधा इस्टेट-एजंट चुलतभावाच्या मृत्यूमुळे अचानक हेक्सहॅमचा मार्क्विस होतो. त्याच्याशी लग्न झाल्यावर ईडिथ बहिणीच्याच काय, आईच्या आणि आजीच्याही वर जाते. औपचारिक जेवणाला यजमान सर्वांत वरच्या मानाच्या पाहुणीला हात देऊन पुढे निघतो आणि बाकीच्या जोड्या मानाप्रमाणे मागून जातात, म्हणजे हा फरक रोज डोळ्यांना दिसणारा. ही बातमी ऐकून मेरीचा चेहरा बघण्यासारखा होतो.

मोठे स्फोट नाश्त्याच्या टेबलावरच का होतात? (नागपूर)

लग्न झालेल्या बायकांचा नाश्ता ट्रेवरून वर खोलीत जाई, अविवाहितांनी खाली यायचं. स्ट्रॅलन तिसऱ्या सीझनमध्ये ईडिथला बोहल्यावर, म्हणजे चर्चच्या वेदीपाशी सोडून जातो. दुसऱ्या दिवशी ॲना नाश्ता वर आणू का विचारते, तेव्हा ईडिथ आपण आता घरकामाला उपयोगी पडणारी अविवाहित बाई असल्याचं सांगून उठते आणि खाली जाते. त्या टेबलावर येऊन बसणं म्हणजेच तिची घरातली पायरी. शिवाय सकाळी त्या खोलीत पदार्थ बाजूच्या टेबलावरून स्वतः वाढून घ्यायचे असल्याने ठरावीक जागा नसतात, माणसं येत-जात राहतात आणि टपालही तिथेच येतं. दिग्दर्शकाला अशी खोली फुकटात मिळते.

ईडिथ मूल एकाला देते, परत घेते, दुसऱ्याला देते, पुन्हा घेते. कायदा नव्हता का? आणि ग्रेगसनला घटस्फोट का मिळत नव्हता? (कोल्हापूर)

ग्रेगसन हा ईडिथच्या मासिकाचा संपादक. त्याची बायको मनोरुग्णालयात आहे. १९२३ च्या कायद्याने बायकोलाही केवळ व्यभिचाराच्या कारणावर घटस्फोट मागता येऊ लागला, पण वेड हे कारण इंग्लंडमध्ये १९३७ च्या कायद्याने आलं. म्हणून तो जर्मन नागरिक होऊन तिथे घटस्फोट घ्यायला म्युनिकला जातो, आणि हिटलरच्या ब्राउनशर्टवाल्या टोळीच्या हातून मरतो. ईडिथ गरोदर. आत्या रोझामंड तिला फ्रेंच शिकण्याच्या बहाण्याने स्वित्झर्लंडला नेते. मुलगी मॅरीगोल्ड तिथल्या एका जोडप्याकडे राहते, मग गुपचूप आणून वाड्याच्याच कुळाकडे, ड्रू कुटुंबाकडे ठेवली जाते.

कायदा नव्हता, असंच म्हणायला हवं. दत्तकाचा कायदा १ जानेवारी १९२७ पासून लागू झाला आणि ही गोष्ट १९२४ ची आहे. सांभाळणाऱ्या कुटुंबाला मुलावर हक्क नव्हता, आणि जन्मदात्रीने जन्माचा दाखला पुढे केला की विषय संपला. पाचव्या सीझनच्या सहाव्या भागात ईडिथ नेमकं तेच करते. श्रीमती ड्रूला तोवर कुणी काही सांगितलेलंच नसतं. ती आपली समजून वाढवलेली पोर तिच्या दारातून उचलून नेली जाते, आणि पुढे ते कुटुंब शेत सोडून जातं. ईडिथबद्दल कणव वाटायला लागली की हा भाग पुन्हा पाहावा. मेरीने ईडिथला छळलं, पण ईडिथने जिला उद्ध्वस्त केलं ती वेगळीच बाई आहे, आणि दोघी बहिणींच्या हिशेबात तिचं नाव कुठेच नाही.

आमचं हौशी मंडळ दोन इंग्रज बहिणींचा प्रवेश बसवतंय. कमी खर्चात कपड्यांतून फरक कसा दाखवावा? (डोंबिवली)

मालिकेत हे काम सुसाना बक्स्टन (सीझन १ व २), कॅरोलिन मॅकॉल (३ व ४) आणि ॲना रॉबिन्स (५ व ६) यांनी केलं. साधारण सूत्र असं की मेरीला गडद, स्वच्छ कडांचे रंग: काळा, गर्द लाल, जांभळा, पांढऱ्यावर काळा. ईडिथला पीच, गंजाचा तांबूस, फिकट हिरवा, भिंतीत मिसळणारे. लंडनमध्ये नोकरी-प्रेम सुरू झाल्यावर ईडिथ रंगात येते. चौथ्या सीझनच्या पहिल्या भागात ती क्रायटेरियन रेस्टॉरंटमध्ये जे घालून बसते ते घरी कुणी पाहिलेलं नसतं.

तुमच्यासाठी: काळ आधी पक्का करा. १९१२ ची कंबर नैसर्गिक कमरेच्या थोडी वर आणि घागरा अरुंद. १९२५ ची कंबर नितंबांवर आणि छाती सपाट. ही एक रेघ चुकली तर बाकी सगळं बरोबर करूनही काळ उभा राहत नाही. चेन लावू नका, बायकांच्या फॅशनच्या कपड्यांत ती १९३० नंतर आली. पाठीमागे हूक आणि आकडे लावा, त्यामुळे पाठ सरळ राहते आणि नटीची चालही बदलते. पॉलिस्टरची सॅटिन रंगमंचाच्या दिव्यात पत्र्यासारखी चमकते. त्यापेक्षा कॉटन-सिल्क किंवा मऊ क्रेप घ्या, आणि मणीकाम फक्त गळ्याला आणि ओच्याला करा. रात्रीच्या पोशाखाला कोपराच्या वरचे हातमोजे हवेत, पण जेवायला बसताना ते काढायचे. हातमोजे घालून सूप पिणारी उमरावाची मुलगी दिसली की जाणकार प्रेक्षक गेलाच. सुतकातून बाहेर पडताना काळ्यानंतर एकदम रंग येत नाही, मध्ये करडा किंवा फिकट जांभळा येतो.

केस: मेरी १९२४ मध्ये बॉब करून घरी अवतरते, आणि त्याच भागात ईडिथला ग्रेगसनच्या मृत्यूची खात्रीची बातमी मिळालेली असते. तुमच्या प्रवेशात विग बदलायचा असेल तर असाच मुहूर्त निवडा, कारण एरवी विग बदलला हे कुणाच्या लक्षात येत नाही.

इथे मिळणाऱ्या भागांचे क्रमांक आणि तुम्ही सांगता ते जुळत नाहीत. सगळं बघायला वेळ नाही. फक्त बहिणींचा धागा कुठे बघू? (न्यू जर्सी)

अमेरिकेत पीबीएस या वाहिनीने भाग जोडून दाखवले, म्हणून गोंधळ होतो. ब्रिटनमध्ये पहिल्या सीझनचे ७ भाग होते, अमेरिकेत तेच ४ झाले. आम्ही सगळीकडे ब्रिटिश क्रमांक देतो: पहिल्या सीझनचे ७, पुढच्या पाचांचे प्रत्येकी ८, आणि दुसऱ्यापासून प्रत्येक सीझनला एक नाताळचा भाग, एकूण ५२. नाताळचा भाग काही ठिकाणी वेगळा ठेवलेला असतो आणि तो सुटला तर मोठी पंचाईत होते, कारण मॅथ्यूची मागणी, मॅथ्यूचा मृत्यू आणि ईडिथचं लग्न, तिन्ही नाताळच्याच भागांत आहेत.

बहिणींपुरतं बघायचं तर सीझन १ चे भाग १, ३, ५ आणि ७, सीझन २ चा नाताळ, सीझन ३ चे ३ आणि ५, सीझन ५ चा ६, सीझन ६ चा ८ आणि नाताळ. दहा भाग होतात. दुसरा सीझन जवळजवळ पूर्ण गाळला तरी चालेल. युद्धात दोघींनाही कामं असल्याने भांडायला सवड नव्हती. त्यात ईडिथ ट्रॅक्टर चालवते आणि लग्न झालेल्या शेतकऱ्याचं चुंबन घेते, तेवढं कुतूहल असेल तर पाहा.

मी एका जुन्या वाड्यातल्या दोन बहिणींवर एकांकिका लिहितोय. दोघीही वाईट आहेत. वाचनाला लोक म्हणाले, कुणाची बाजू घ्यायची तेच कळत नाही. दोष कुठे असेल? (रत्नागिरी)

बाजू घेता न येणं हा दोष मानू नका. बाजू बदलता न येणं हा मात्र दोष आहे. प्रेक्षकाचं मन ४५ मिनिटांत निदान तीनदा इकडून तिकडे गेलं पाहिजे. त्यासाठी या मालिकेत वापरलेली जोडणी उसनी घ्या, कथा घेऊ नका.

प्रत्येकीला एक गुपित, एक हक्काचं माणूस आणि एक अंगचं कसब द्या. मेरीचं गुपित पामुक, तर ईडिथचं मॅरीगोल्ड. मेरीचं माणूस ॲना, आणि वर बटलर कार्सन. ईडिथला खालच्या मजल्यावर, म्हणजे नोकरांत, कुणीच नाही, तिन्ही बहिणींचं आवरायला ॲना एकटीच आणि तिचा ओढा मेरीकडे. वाईट वागणाऱ्या बाईला नोकरमाणसांचं प्रेम मिळालं की प्रेक्षक तिच्याबद्दल दुसऱ्यांदा विचार करतो. कसब मेरीला इस्टेटीचं, ईडिथला लेखणीचं. काम करताना दिसलेलं माणूस आपल्याला थोडंफार आवडतंच. तुमच्या दोघी नुसत्याच बोलत असतील, तर त्यांना हाताला काम द्या: दस्तऐवज चाळणं, देवघरातली भांडी घासणं, काहीही.

मग हत्यार ठरवा. या मालिकेत ते माहिती आहे. कुणाचं काय कुणाला ठाऊक, आणि ते कोण आधी बोलतं. इथे लेखकाने एक अगदी काटेकोर नियम पाळलाय. मेरी पामुकची गोष्ट स्वतःच्या तोंडाने मॅथ्यूला सांगते आणि तो तरीही तिला मागणी घालतो. ईडिथला बर्टीला सांगायचं असतं पण धीर होत नाही, आणि सहाव्या सीझनच्या आठव्या भागात नाश्त्याला ईडिथच्या लग्नाची बातमी ऐकून मेरीच सूचक बोलून तिला कोपऱ्यात गाठते. तेच सत्य, फक्त दुसऱ्या बाईच्या निमित्ताने बाहेर आलं, आणि लग्न मोडलं. नाताळच्या भागात ईडिथ शिकलेली असते: बर्टीच्या कर्मठ आईला ती आपणहून सांगते, आणि त्या गुपितातली धार तिथे संपते. तुमच्या एकांकिकेत गुपित फुटण्याची वेळ येईल तेव्हा कोण बोलतं हे आधी ठरवा, काय बोलतं ते नंतर.

घाव तीन पुरे. एकापाठोपाठ ठेवू नका. पहिल्या सीझनमध्ये पत्र पाचव्या भागात जातं, आणि त्याचा बदला सातव्यात निघतो. मधल्या वेळात दोघी एका टेबलावर लोणी पुढे सरकवत असतात, आणि खरा ताण त्या लोण्यात आहे. मधे नोकर किंवा पाहुणा हजर ठेवा, म्हणजे आवाज चढवता येत नाही. आवाज चढला की वाक्यं ढिली होतात. मेरीची बहुतेक डंख मारणारी वाक्यं सात-आठ शब्दांच्या पुढे जात नाहीत, आणि ती ईडिथकडे बघून म्हटलेली नसतात.

आणि तात्कालिक कारण द्या. नाश्त्याच्या त्या सकाळी हेन्री निरोप न घेता निघून गेलेला असतो आणि आपलं चुकलं हे मेरीला कळत असतं. दुसऱ्याचं सुख सहन न होण्याची ही अगदी ओळखीची वेळ आहे. स्वगत लिहून ते समजावू नका. तुमच्या वाचनाला जे तक्रार करत होते त्यांना बहुधा अशी एखादी सकाळच मिळाली नसावी.

लग्न मोडल्यावर ईडिथ मेरीला सुनावते ते प्रेक्षकांना सुखावतं, पण मेरी मग तिचं लग्न जुळवून देते ते ओढूनताणून नाही का? (नाशिक)

थोडं आहे. मेरी बर्टीला फोन करते आणि रिट्झ हॉटेलात भेट घडवते. ईडिथला वाटत असतं की आत्याबरोबर जेवण आहे. शेवटच्या भागात सगळ्यांची लग्नं लावायची घाई दिसतेच. पण एक गोष्ट लेखकाने सांभाळली आहे: मेरी माफी मागत नाही. तिने जे मोडलं तेच दुरुस्त केलं, एखाद्या कारागिरासारखं, आणि बाकी तशीच राहिली. ईडिथही आधी मेरीच्या लग्नाला येते ती क्षमा करून नव्हे. सिबिल, आईवडील, मॅथ्यू, मायकेल ग्रेगसन यांच्या आठवणी असलेलं माणूस एक दिवस आपल्या दोघींशिवाय उरणार नाही, एवढाच तिचा हिशेब.

ईडिथचं लग्न ३१ डिसेंबर १९२५ ला लागतं. दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी १९२६ पासून, इंग्लंडचा नवा मालमत्ता कायदा अमलात आला आणि जमिनीवरचं जुन्या पद्धतीचं एन्टेल संपलं. पुढे ते फक्त विश्वस्त-व्यवस्थेच्या आडून चालू शकत होतं. लेखकाच्या मनात हे होतं की नाही कोण जाणे, पण दोघींना ज्या दोरीने एकमेकींच्या गळ्यात बांधलं होतं ती त्या रात्री सुटली.

तीन चित्रपटांपैकी शेवटचा (२०२५) १९३० मध्ये घडतो. मेरीचा हेन्रीशी घटस्फोट झालाय, उच्चभ्रू लोक तिला दारात उभं करत नाहीत, आणि तिच्या बाजूने मैदानात उतरते ती ईडिथ. आता मार्क्विसची बायको असल्याने तिच्या शब्दाला वजन आहे. रॉबर्ट घराच्या किल्ल्या मेरीच्या हाती देतो, तेव्हा ईडिथला त्या घरातलं काहीच नको असतं. तिचं घर त्याहून मोठं आहे, आणि हे ती मेरीला एकदाही ऐकवत नाही. १९१४ ची ईडिथ असती तर पत्र लिहून कळवलं असतं.